तिसरी सायकल

केमोथेरपीच्या एका फेरीला डॉक्टर 'सायकल' म्हणतात. दादाच्या अशा चार सायकली व्हायच्या होत्या. २००५ च्या जूनमध्ये त्याच्या अंडकोषातली गाठ कॅन्सरची निघाली, आठवड्याभरात ऑपरेशन झालं आणि जुलै लागता लागता पहिली सायकल सुरू झाली. तो एकतीस वर्षांचा होता, बँकेत नोकरीला. आजाराची जागा अशी की नातेवाइकांना सांगताना आई 'पोटात गाठ आहे' एवढंच म्हणायची.

अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग आमच्या घरात आला तो दादाच्या मित्रामुळे. हा मित्र आमच्याच वाड्यात वाढलेला. दादाहून सहा महिन्यांनी मोठा, पण मी त्याला लहानपणापासून अरे-तुरेच करत आले होते. सायकलवेडा माणूस. मुंबई-पुणे शर्यतीत दोनदा उतरलेला. बोरघाट जो पहिला चढून येतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. हा कधी राजा झाला नाही, पण तो घाट त्याच्या मांड्यांना पाठ होता. त्याचा मावसभाऊ न्यू जर्सीहून येणार होता, त्याच्याकडून त्याने दोन पिवळी रबरी कडी मागवली. एक डॉलरला एक, वर 'लिव्हस्ट्राँग' कोरलेलं. २००४ च्या मे महिन्यात ती बाजारात आली आणि पुढे आठ कोटींहून जास्त खपली. एक कडं दादाच्या मनगटात गेलं, एक माझ्या. स्वतःसाठी त्याने मागवलंच नव्हतं.

"याला तुझाच आजार झाला होता," तो दादाला म्हणाला. "फुप्फुसात गेला होता, मेंदूत गेला होता. आणि आता सातव्यांदा टूर डी फ्रान्स जिंकायला निघालाय."

आजाराचं ते सगळं खरं होतं, आणि आजही खरं आहे. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, आर्मस्ट्राँगचा कॅन्सर कळला तेव्हा तो पोटात, फुप्फुसांत आणि मेंदूत पसरला होता. इंडियानापोलिसला त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, केमोही झाली. तिथल्याच डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सत्तरच्या दशकात सिसप्लॅटिन हे औषध आणखी दोन औषधांच्या जोडीला देऊन पाहिलं होतं, आणि तोवर शरीरभर पसरला की बहुतेकांना घेऊन जाणारा हा आजार बहुतेकांना सोडून जाऊ लागला होता. दादाच्या बाटलीतही सिसप्लॅटिनच होतं. एक फरक मात्र होता. ब्लिओमायसिन नावाचं औषध फुप्फुसांना इजा करू शकतं, म्हणून शर्यतीत उतरणाऱ्या आर्मस्ट्राँगला पहिल्या सायकलीनंतर ते टाळून वेगळं मिश्रण दिलं गेलं. दादाला ब्लिओमायसिनच दिलं. त्यात कुणाची चूक नव्हती, प्रमाण उपचार तेच होते. पण आजही दादा पर्वतीच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबतो, तेव्हा मला तो फरक आठवतो.

तो सबंध जुलै आम्ही टीव्हीवरच्या फ्रान्समध्ये काढला. तिथली दुपार म्हणजे इथली रात्र. नऊच्या सुमारास शर्यतीचा त्या दिवसाचा टप्पा संपायचा. दादाला अन्नाचा वाससुद्धा सहन होत नव्हता, तोंडात सतत लोखंडाची चव. आई लिंबू कापून हुंगायला द्यायची आणि तो पलंगावर उशीला टेकून डोंगर बघत बसायचा. मित्र खाली सतरंजीवर. कोण कोणाच्या आडोशाने चाललंय, वारा कोण अंगावर घेतंय, आता कोण सुटणार, हे सगळं तो समजावून सांगायचा. २४ जुलैला आर्मस्ट्राँग पॅरिसला सातव्यांदा आघाडीवरच्याची पिवळी जर्सी घालून उभा राहिला. ज्यांचा चमत्कारांवर विश्वास नाही त्यांची मला कीव येते, अशा अर्थाचं तो बोलला. दादा रडला. मीही.

दोन दिवसांनी २६ जुलैचा पाऊस आला. दादाच्या रक्ताचे काही नमुने तपासायला मुंबईला जात असत. मुंबई बुडाली, फोन लागेनात, रिपोर्ट चार दिवस अडकून पडला. ते चार दिवस दादाने त्या पोडियमवरच्या भाषणावर काढले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. मनगटातलं कडं तो फिरवत राहायचा, आजी जपमाळ ओढायची तसं.

दुसऱ्या सायकलीनंतर त्याचं हिमोग्लोबिन आठवर आलं. डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं. बर्फाच्या पिशवीतून आणायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, आठवड्यातून एकदा कंपाउंडर येऊन टोचून जायचा. एरिथ्रोपोएटिन. डॉक्टर नुसतं 'ईपीओ' म्हणायचे. हा पदार्थ मूळचा आपल्या मूत्रपिंडात तयार होतो आणि हाडांतल्या मगजाला तांबड्या पेशी वाढवायला सांगतो. कारखान्यात बनवलेलं ईपीओ तेच काम करतं. विरजणाच्या पातेल्याशेजारी, दाराच्या कप्प्यात ते ठेवलेलं असे. हळूहळू आठाचे साडेदहा झाले आणि एका सकाळी दादा कुणाचा हात न धरता जिना उतरून अंगणात गेला.

तिसरी सायकल चालू असताना, २३ ऑगस्टला, 'लेकीप' या फ्रेंच दैनिकाने बातमी छापली. १९९९ च्या टूरमधले जपून ठेवलेले लघवीचे नमुने संशोधनासाठी पुन्हा तपासले होते, आणि आर्मस्ट्राँगच्या सहा नमुन्यांत शर्यतीत बंदी असलेलं ईपीओ सापडलं होतं. त्या संध्याकाळी की दुसऱ्या दिवशी, मित्र आला. दादाच्या हातात चहाचा कप होता. मित्राने बातमी सांगितली आणि म्हणाला, "मला आधीपासूनच वाटत होतं. घाटात असं तोंड मिटून कुणी चढत नाही रे."

त्याच्या बोलण्यात आकस नव्हता. ज्याने बोरघाटात जीव तोंडाशी आणून पायडल मारलं आहे, त्याचं ते साधं निरीक्षण होतं. दादाने कप खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी मित्राबरोबर दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "तुम्ही उद्यापासून येऊ नका." दादाला सांगितलं, त्याची बदली व्हायची आहे, धावपळीत आहे. पुढे त्याची खरंच बंगळूरला बदली झाली. दादाचा समज झाला की इतरांसारखा हाही आजाराला घाबरला. दादाने कधी फोन केला नाही.

सात वर्षं गेली. दादा बरा झाला. १० ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेचा, यूसाडाचा, निकाल बाहेर आला. हजाराहून अधिक पानं, शपथेवर बोललेली सव्वीस माणसं, त्यांत आर्मस्ट्राँगचे अकरा संघसोबती. सातही विजेतेपदं गेली आणि ती दुसऱ्या कुणालाही दिली नाहीत. मी ती पानं दिवसचे दिवस वाचत बसले होते. फ्रान्समधल्या नीस शहरात आर्मस्ट्राँगच्या घरी फ्रिजमध्ये ईपीओ ठेवलेलं असे आणि संघसोबती टायलर हॅमिल्टनने मागितल्यावर त्याने ते दिलं, हे वाचलं तेव्हा आमच्या फ्रिजचं दार डोळ्यांपुढे आलं. आपल्या वर्तमानपत्रांत या सगळ्याला 'उत्तेजक द्रव्य' असा एकच शब्द असतो, आणि इथे तो चुकीचा आहे. ईपीओने कुणी उत्तेजित होत नाही. ते रक्त दाट करतं, स्नायूंपर्यंत जास्त प्राणवायू पोचवतं. दादा त्याने जिना उतरला. निरोगी माणसं त्याच्या जोरावर आल्प्स चढत होती.

या खेळात औषध नवीन नाही. १९२४ साली पेलिसिए बंधू टूर सोडून कॅफेत बसले आणि पत्रकार अल्बेर लोंद्र यांना त्यांनी पिशव्या उघडून दाखवल्या: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म. १९६७ मध्ये टॉम सिम्प्सन मों व्हाँतूच्या चढावर उन्हात कोसळून मेला, पोटात अँफेटामाइन आणि ब्रँडी. १९९८ मध्ये फेस्टिना संघाचा मालीशवाला विली व्हूत फ्रान्सच्या सीमेवर औषधांनी भरलेली गाडी घेऊन पकडला गेला. ईपीओ ओळखणारी चाचणीच तेव्हा नव्हती. म्हणून १९९७ पासून सायकलिंगच्या जागतिक संघटनेने एक मर्यादा घातली होती: रक्तात तांबड्या पेशींचा वाटा पन्नास टक्क्यांच्या वर गेला तर शर्यतीबाहेर. चोरी बंद करता येत नाही म्हणून किती चोरायचं ते ठरवून दिलं, असाच तो प्रकार होता.

तेव्हा 'सगळेच घेत होते' हा युक्तिवाद मला सहज झटकता येत नाही. १९९९ ते २००५ या सात टूरमध्ये पहिल्या तीन क्रमांकांच्या मिळून २१ जागा होतात, त्यांतल्या २० जागांचा डोपिंगशी संबंध लागतो असं यूसाडानेच नोंदवलं आहे. १९९६ च्या विजेत्याने, ब्यार्न रीसने, २००७ मध्ये ईपीओची कबुली दिली आणि त्याचं नाव आजही यादीत आहे. इटालियन सायकलपटू पान्तानीला १९९९ च्या इटलीच्या शर्यतीतून ५२ टक्क्यांवर बाहेर काढलं, पाच वर्षांनी तो रिमिनीच्या एका हॉटेलात कोकेनने मेला, आणि त्याच्या गावी त्याचा पुतळा उभा आहे. आर्मस्ट्राँगविरुद्ध साक्ष देणाऱ्या, तेव्हा शर्यतीत असलेल्या सोबत्यांना सहा महिन्यांची बंदी झाली, तीही हिवाळ्यात, जेव्हा शर्यती जवळजवळ नसतातच. त्याला जन्मभराची. जागतिक संघटनेचे अध्यक्ष पॅट मॅक्वेड म्हणाले की सायकलिंगने त्याला विसरावं. याच संघटनेने त्याच्याकडून सव्वा लाख डॉलरच्या देणग्या घेतल्या होत्या. १९९९ मध्ये त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड सापडलं तेव्हा मागची तारीख टाकलेली मलमाची चिठ्ठी याच संघटनेने मान्य केली होती. 'विसरा' म्हणण्याचा हक्क सर्वांत कमी कुणाला असेल तर तो यांना.

तरीही 'सगळेच घेत होते, म्हणजे मैदान समान होतं' हे मला पटत नाही. ज्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा मुळातच ४८ टक्के आहे त्याला पन्नासपर्यंत दोनच पावलं मिळतात. ज्याचा ४० आहे त्याला दहा. औषध प्रत्येक शरीराला सारखं लागत नाही. ते कसं, कधी, किती घ्यायचं हे सांगणारा मिकेले फेरारीसारखा डॉक्टर ठेवायला पैसा लागतो, आणि आर्मस्ट्राँगने फेरारीला दहा लाख डॉलरहून अधिक दिले.

आणि सगळेच घेत नव्हते. फ्रेंच सायकलपटू क्रिस्तोफ बासों घेत नव्हता. फेस्टिना संघात असून घेत नव्हता, हे त्याच्याच संघातल्या लोकांनी पोलिसांना सांगितलं होतं. १९९९ च्या टूरमध्ये तो 'ल पारिझियँ' या दैनिकासाठी रोज लिहायचा, आणि या वेगावर आपला विश्वास बसत नाही असं त्याने लिहिलं. १४ जुलैला अल्प द्युएझच्या टप्प्यावर पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, घरी जा. बाकीच्या ताफ्यातलं कुणी त्याच्याशी बोलेना. त्याचे स्वतःचे सोबतीही बोलेनात. दोन दिवसांनी बासों घरी गेला. पुढे दोनच वर्षांत त्याची कारकीर्द संपली. पंचवीस वर्षांचा मुलगा. डोंगर चढायला त्याने बाहेरून काही घेतलं नाही, आणि डोंगरामुळे तो हरला नाही. शेजारून चाललेल्या दीडशे माणसांनी तोंड फिरवल्यामुळे हरला. त्या पानावर मी फार वेळ थांबले होते.

२००४ मध्ये इटालियन सायकलपटू फिलिप्पो सिमेओनी. फेरारीने आपल्याला ईपीओ कसं घ्यायचं ते शिकवलं, अशी साक्ष त्याने इटलीच्या न्यायालयात दिली होती. टूर संपायला दोन दिवस उरले होते, आर्मस्ट्राँगचा विजय ठरल्यात जमा होता, आणि पुढे निसटलेल्या सहा जणांना गाठायला सिमेओनी ताफ्यातून सुटला. त्या टप्प्याशी काही देणं-घेणं नसलेला पिवळ्या जर्सीतला माणूस स्वतः त्याचा पाठलाग करत गेला. आर्मस्ट्राँग सोबत आहे तोवर आपल्याला कुणी सुटू देणार नाही हे त्या सहा जणांना कळलं, आणि सिमेओनीला मागे यावं लागलं. ताफ्यात परतल्यावर लोकांनी त्याला शिव्या घातल्या. आर्मस्ट्राँगने कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून झिप ओढल्याची खूण केली. हे मी २००४ मध्येच बघितलं होतं का, मी आठवून पाहिलं. बघितलं असतं तर मला आवडलंच असतं.

एमा ओ'रायली त्याच्या संघात मालीश करायची. मागची तारीख टाकलेल्या चिठ्ठीची गोष्ट तिने सांगितली. तिच्यावर खटला झाला, ती दारुडी आहे, चारित्र्याची धड नाही असं सुचवलं गेलं. आणि बेट्सी आन्द्रू. आर्मस्ट्राँगचा सोबती फ्रँकी आन्द्रू याची तेव्हाची वाग्दत्त वधू. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये इंडियानापोलिसच्या हॉस्पिटलातल्या एका खोलीत ती दोघं त्याला भेटायला गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, काही घेतलं आहेस का? आणि त्याने त्यांच्यासमोर यादी सांगितली: ईपीओ, टेस्टोस्टेरॉन, वाढीचं संप्रेरक, कॉर्टिसोन, स्टेरॉइड्स. हे तिने शपथेवर सांगितलं आणि नंतरची अनेक वर्षं तिला वेडी, मत्सरी ठरवण्यात गेली.

मला ती खोली दिसते. सलाइनचा स्टँड, औषधाचा उग्र वास, आजारी माणसाभोवती जमलेली, त्याच्यावर जीव असलेली माणसं. आमच्याकडे होती तशीच. त्या खोलीत एका बाईने खरं ऐकलं आणि ते ती विसरायला तयार झाली नाही. आमच्या खोलीत एका माणसाने खरं सांगितलं.

१८ जानेवारी २०१३ ला ओप्रा विन्फ्रीसमोरची मुलाखत आम्ही दादाच्या लॅपटॉपवर पाहिली. सुरुवातीलाच थेट प्रश्न, हो किंवा नाही. ईपीओ घेतलं? हो. रक्त चढवलं? हो. टेस्टोस्टेरॉन? हो. सातही वेळा? हो. औषधाशिवाय सात वेळा जिंकणं शक्य होतं? नाही. आपण दांडगाई केली हेही त्याने मान्य केलं. हॉस्पिटलच्या खोलीबद्दल विचारलं तेव्हा मात्र म्हणाला, त्यावर मी बोलणार नाही.

मी संतापले होते. दादा शांत होता. "मला त्याने कुठे फसवलं?" तो म्हणाला. "कॅन्सर खरा होता ना? सिसप्लॅटिन खरं होतं ना? मला तेव्हा कुणीतरी हवं होतं, तो होता. डोंगर कसा चढला ते त्याचं तो बघेल."

मग मी त्याला सांगितलं. दार, ते वाक्य, बदलीची थाप, सगळं. मला वाटलं होतं दादा हसून सोडून देईल. आर्मस्ट्राँगला त्याने दोन वाक्यांत सोडलं होतं. तो काहीच बोलला नाही. लॅपटॉप मिटला आणि आत गेला. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

त्या चार दिवसांत मला एवढंच कळलं की आर्मस्ट्राँगला माफ करायचं की नाही, हा प्रश्न माझ्याकडे आलेलाच नाही. एमा ओ'रायली त्याच वर्षी त्याला भेटली आणि तिने माफ केलं. बेट्सी आन्द्रूने केलं नाही. दोघींचा तो हक्क आहे, आणि दोघींचंही मला पटतं. रक्तातल्या टक्क्यांबद्दल मी त्याच्याशी भांडणार नाही. शंभर वर्षांची सवय होती आणि तो त्यात सर्वांत हुशार निघाला. पण बासोंजवळ जाऊन म्हटलेले ते दोन शब्द त्याने कोणतंही औषध घेऊन म्हटले नव्हते. मीही घेतलं नव्हतं. त्याला निदान गमवायला सात जर्सी होत्या. मला एक कडं होतं, आणि ज्याने ते आणून दिलं त्यालाच मी दाराबाहेर काढलं.

पाचव्या दिवशी दादा म्हणाला, "नंबर आहे का त्याचा?"

नंबर शोधायला आठवडा गेला. आधी मी बोलेन असं मी दादाला सांगितलं. फोन उचलल्यावर त्याने आवाज ओळखला, दादाची तब्येत विचारली, आईची विचारली. मी घाईघाईने आर्मस्ट्राँगवर आले. तुझं बरोबर होतं, तू २००५ मध्येच म्हणाला होतास, मी तेव्हा तुला...

"ते जाऊ दे," तो म्हणाला. "मुलाखत मी बघितलीसुद्धा नाही." मग जरा वेळ काहीच नाही, मागे त्याच्या मुलांचा आवाज येत होता. "मला त्या दिवसाचं एकच आठवतं. तू मला 'तुम्ही' म्हणालीस."